पंख्याच्या खोलीची कडी

गोडबोल्याची तीन बोटं गेली. उजव्या हाताची. ऐकणारा जो तो हळहळला. मी हळहळले नाही आणि आजही हळहळत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्या डोळ्यांत पाणी शोधत बसायला नको.

गोडबोल्या म्हणजे आमचा सुपरवायझर. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याला होतंच, पण ते फक्त मालकाच्या तोंडी असायचं. आम्ही बायका पाठीमागे त्याला गोडबोल्या म्हणायचो. एकीला ताई, दुसरीला मावशी, तिसरीला वहिनी करत तो टेबलांमधून हिंडायचा. त्याची पाठ वळली की अंगाला काहीतरी चिकट लागल्यासारखं वाटायचं. मला तो मावशी म्हणायचा. माझ्या सुनेला, मी हाक मारायचे तसंच, सूनबाई म्हणायचा. माझा शब्द त्याच्या तोंडात गेला तेव्हाच मला राग आला होता. तेव्हाच ओरडायला हवं होतं, पण एरवी सतत सुटणारी माझी जीभ नेमकी तिथे गप्प बसली.

आमचा कारखाना मासळी गोठवण्याचा. मासळी यायची, आम्ही ती साफ करायचो, ट्रेमध्ये ओळीने मांडायचो, ट्रे चाकांच्या उंच गाडीवर चढवायचो आणि गाडी पंख्याच्या खोलीत ढकलायची. त्या खोलीत भिंतभर पंखे होते. दार बंद झालं की ते आपोआप सुरू व्हायचे आणि असं गार वारं सोडायचे, की ओली मासळी बघता बघता दगड व्हायची. माणसाने आत फार वेळ थांबायचं नाही, कोटाशिवाय तर नाहीच. आणि दार लावण्याआधी हाक मारायची. हा तिथला सगळ्यात मोठा नियम होता. दारावर तळहाताने थाप द्यायची, ‘आत कोण?’ म्हणून ओरडायचं, कान द्यायचा आणि आतून ओ आली नाही तरच कडी लावायची.

सुनेला ते काम मीच शिकवलं. लग्न होऊन आली तेव्हापासून आमचं काही फारसं जमत नव्हतं. तिला सकाळी कोणी बोललेलं चालत नाही आणि मला सकाळी बोलल्याशिवाय चहा गोड लागत नाही. तिने धुतलेलं भांडं मी पुन्हा धुवायचे, मी लावलेलं कपाट ती पुन्हा लावायची. पण कामात पोर चोख. मी तिला बजावलं होतं, "एकवेळ जेवायला विसर, पण हाक विसरू नकोस. हाक न मारता कडी लावलीस तर मी तुझा हात मोडीन." तिने ते इतकं मनावर घेतलं, की घरी न्हाणीघराचं दार बाहेरून ओढून घेतानासुद्धा ती थाप मारून ‘आत कोण?’ म्हणायची. माझा मुलगा आतून ओरडायचा, "मासळी आहे मासळी, गोठायला आलीये!" आम्ही तिघं हसायचो. आमच्या घरात असं हसू क्वचितच यायचं, म्हणून लक्षात आहे.

पंख्याच्या खोलीचं दार नुसतं ओढलं तरी घट्ट बसायचं. त्याला आतून एक लोखंडी मूठ होती. कोणी चुकून अडकलंच तर ती फिरवून दार उघडता यायचं, बाहेरची कडीसुद्धा सुटायची. ती मूठ एक दिवस निघाली. गोडबोल्या म्हणाला, "सैल झाली होती, नवी मागवलीये." नवी काही आली नाही. जुनी त्याच्या कोटाच्या खिशात होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्हाला वाटलं, आळशी माणूस, विसरला असेल. तो विसरला नव्हता.

खोली धुण्यासाठी पंखे बंद ठेवले होते, त्या दिवशीची ही गोष्ट. त्याने सुनेला आत भिंतीवरचा बर्फ खरवडायला पाठवलं, मग स्वतः मागोमाग गेला आणि दार ओढून घेतलं. आतून कोणाला उघडता येणार नाही आणि आपल्याला येईल, एवढी सोय त्याने करूनच ठेवली होती. मी त्या वेळी कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला ट्रे धूत होते. परत आले तेव्हा ती टेबलापाशी उभी होती. हातमोजे काढून हातात धरलेले. मी म्हटलं, "काय गं, थंडी वाजतेय का?" तिने हातमोजे पुन्हा चढवले.

घरी आल्यावर तिने मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाली, "आई, सांगते, पण ओरडू नका." तिने सांगितलं. मी ओरडले नाही. ती सांगत होती आणि मी ओट्याची कड धरून उभी होते. त्याचा गळा आपल्या हातात यावा, एवढंच एक मागणं माझ्या मनात होतं. देवाजवळच असं नव्हे, देईल त्याच्याजवळ.

आम्ही दुसऱ्याच दिवशी पोलीस चौकीत गेलो. तिथला साहेब वाईट बोलला नाही. वाईट बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. त्याने पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "कोणी बघितलं का?" सून म्हणाली, "दार बंद होतं." तो म्हणाला, "मग साक्ष कोण देणार? उद्या तो उलटा तुमच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावेल. घरी विचार करा, मग या." तक्रार घेतलीच नाही. मालकाकडे गेलो तर तो म्हणाला, "जुना माणूस आहे, मी त्याला समज देतो." त्याने काय समज दिली देव जाणे. गोडबोल्याची चूक आणि शिक्षा सुनेला! तिलाच दुसऱ्या टेबलावर हलवायला निघाले होते. मी तिला माझ्या टेबलावर घेतलं, पंख्याच्या खोलीच्या दाराला लागून.

मुलाला सांगितलं तेव्हा तो रडला. मग म्हणाला, "नोकरी सोड. त्याचं देव बघून घेईल."

"देवाला आपलं एकच घर नाही," मी म्हटलं. "आणि नोकरी हिने का सोडायची? चोर सोडून संन्याशाला फाशी?"

माझा मुलगा चांगला आहे. गाईसारखा. पण कधीकधी मला वाटतं, गाईलासुद्धा शिंगं असतात.

त्यानंतर गोडबोल्या रोज आमच्या टेबलापाशी यायचा. दुसरीकडे काम असो नसो, यायचाच. टेबलावर बोटं वाजवत म्हणायचा, "काय सूनबाई, बरं आहे ना? मावशी, जपा हो सूनबाईला, फार नाजूक आहे." आजूबाजूच्या बायका माना खाली घालून मासळी मांडत राहायच्या. सुनेच्या ट्रेमधली मासळी वाकडी मांडली जायची आणि मी ती पुन्हा सरळ करायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा असतो. हल्ला एकदाच झाला असं जे पुढे सगळे कोर्टात म्हणत होते, त्यांनी त्या टेबलापाशी आठवडाभर उभं राहून बघायला हवं होतं.

आणि मग तो दिवस आला.

जेवणाची सुट्टी झाली होती. बाकीच्या बायका जेवणघरात गेल्या. चौकीत जाऊन आल्यापासून आमच्या बाकावर कोणी बसत नव्हतं, म्हणून आम्ही दोघी टेबलापाशीच डबा उघडायचो. सून हातमोजे धुवायला नळावर गेली होती. तेवढ्यात गोडबोल्या आला, अंगातला कोट काढून खुंटीला अडकवला आणि ‘गाडी नीट लागलीये का बघतो’ म्हणत नुसत्या शर्टावर पंख्याच्या खोलीत शिरला. क्षणभराचं काम, कोट कशाला! मूठ कोटाच्या खिशात राहिली. मी हे सगळं बघितलं. सुनेने बघितलं नव्हतं.

ती नळावरून आली. दार लावायचं काम तिचं होतं. तिने नेहमीसारखी दारावर थाप दिली आणि हाक मारली, "आत कोण?"

कोणाला कोंडायचं ठरवलेली बाई आधी हाक मारून विचारत नाही. तिच्या मनात त्या क्षणापर्यंत काहीच नव्हतं. माझ्या शिकवणीने तिचा हात आपोआप उठला होता.

आतून आवाज आला, तोच, साखरेत घोळलेला. "मीच आहे गं, सूनबाई. ये ना आत. ओळखीचीच तर खोली आहे."

सून तशीच उभी राहिली. मग तिने दार ढकललं आणि कडी लावली.

पंखे सुरू झाले. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि डब्याचं झाकण काढलं. आतून ठोकण्याचा आवाज येऊ लागला. पंख्यांच्या घरघरीत तो लांब कोणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. आमचं टेबल दाराशेजारी होतं म्हणून आम्हाला कळत होता. तिने घास तोंडात घातला, तो तिला गिळवेना. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, आता उघडते. घाबरला असेल. पुरे झालं."

ती उठली. मी तिचं मनगट धरलं.

"बस," मी म्हटलं. "आधी डबा संपव."

"आई, मरेल तो."

"बस म्हणते ना."

मी तिला खाली बसवलं, ती पुन्हा उठली, पुन्हा बसवलं. ती हात ओढत होती आणि मी सोडत नव्हते. माझ्या हातांनी आयुष्यभर लोखंडी ट्रे उचलले आहेत, तिच्याच्याने काय सुटणार? दुसऱ्या हाताने मी जेवत होते. आणि खरं सांगते, तो घास मला जितका गोड लागला तितका कित्येक दिवसांत लागला नव्हता. दारावरचा एकेक ठोका मला ऐकू येत होता आणि मी मनात म्हणत होते, अजून. तिनेही असंच ठोकलं असेल. अजून.

मग ठोके थांबले. सुनेने सगळा जोर लावून हात सोडवला आणि कडी काढली. तो दाराशीच पडला होता. ज्या हाताने उघड्या लोखंडावर बुक्क्या मारल्या, त्या हाताची कातडी पांढरी पडली होती. तिने त्याचाच कोट आणून त्याच्या अंगावर टाकला, त्याचा तो हात स्वतःच्या काखेत धरला आणि लोकांना हाका मारल्या. ज्या माणसाच्या सावलीने ती थरथरायची त्याचा हात तिने काखेत धरला! मी जागची हलले नाही.

पोलीस आले. या वेळी तक्रार घ्यायला त्यांना साक्षीदार लागला नाही. सून म्हणाली, "कडी मी लावली." माझ्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. तिला नेत असताना ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "आई, तुम्ही काही ऐकलं नाही, काही बघितलं नाही. आपल्यातली एक तरी बाहेर पाहिजे." ती हुकूम सोडत होती. सुनेने मला हुकूम सोडायची ती पहिलीच वेळ, आणि मी तो मुकाट्याने पाळला.

ती जामिनावर सुटली, आणि आम्ही वकीलबाईंकडे गेलो. बाई तरुण होत्या, हुशार होत्या, टेबलावर कागदांचा ढीग आणि त्या ढिगात कुठेतरी चहाचा कप. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फक्त मनगटाची गोष्ट आम्ही सांगितली नाही.

"तो हल्ला करत असताना तुम्ही त्याचं डोकं फोडलं असतं तरी कायदा तुमच्या बाजूने उभा राहिला असता," त्या सुनेला म्हणाल्या. "पण हल्ला संपला की स्वसंरक्षणही संपतं. मध्ये दिवस गेले. नंतर केलं तो सूड. आणि सूड घ्यायचा हक्क कायदा कोणालाच देत नाही."

"कायद्याकडे गेलो होतो ना आम्ही!" मी म्हटलं. "खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि परत पाठवलं."

"मला कळतंय, मावशी. म्हणूनच सांगते, आपण सूड हा शब्दच येऊ द्यायचा नाही. हा अपघात होता. घाईत हाक मारायची राहिली, तो आत आहे हे माहीतच नव्हतं. आतली मूठ नव्हती, हा मालकाचा निष्काळजीपणा. एवढं म्हटलं की सुटका होईल."

"आणि त्याने केलं ते?" सुनेने विचारलं.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "ते बोलायचं नाही. ते बोललात की कारण मिळालं. कारण मिळालं की अपघात उरत नाही."

सून खुर्चीत पुढे सरकली. "म्हणजे मी सुटायचं असेल तर माझ्यावर काही झालंच नव्हतं, असं म्हणायचं."

बाईंनी नाही म्हटलं नाही. बिचाऱ्या आमच्याशी खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. मग हळूच म्हणाल्या, "समोरचाही आता तेच म्हणतोय. आधी इस्पितळात ओरडत होता, मुद्दाम कोंडलं म्हणून. आता त्याच्या वकिलाने त्याला शहाणं केलंय. मुद्दाम का कोंडलं, असा प्रश्न निघाला तर त्याचीच पंचाईत."

म्हणजे चहूबाजूंनी अळीमिळी गुपचिळी. मालकाला अपघात हवा होता, कारण भरपाई देऊन मोकळं होता येत होतं. पोलिसांना हवा होता, कारण परत पाठवलेल्या तक्रारीबद्दल कोणी विचारणार नव्हतं. गोडबोल्याला हवा होता. आणि मलाही हवा होता, हे कबूल करते, कारण मला माझी सून घरात हवी होती. सकाळी न बोलणारी का असेना. मी तिला समजावलं. मुलाने समजावलं. शेवटी ती म्हणाली, "बरं." त्या ‘बरं’वर मी विसंबले.

कोर्टात आधी गोडबोल्याची साक्ष झाली. हाताला पांढरी पट्टी, अंगात इस्त्रीचा शर्ट. पिंजऱ्यात उभा राहून त्याने सुनेकडे बघितलं आणि तोंडात साखर घोळवली. "साहेब, माझा हिच्यावर राग नाही. घाईत हाक मारायची राहिली असेल. लहान आहे, चुकली. जे गेलं ते गेलं. मी सूनबाईला माफ केलं."

माफ केलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बसलेली माणसं ‘किती मोठं मन’ म्हणून माना डोलवायला लागली. मी बाकाखाली मुठी आवळल्या. बोटं तीनच का गेली, असं मला त्या क्षणी वाटलं.

मग मला बोलावलं. सरकारी वकिलाने विचारलं, "तुमची सून दार लावताना नेहमी हाक मारायची?" ठरल्याप्रमाणे मी म्हटलं, "विसरते कधीकधी. धांदरट आहे." त्या दिवशी काही ऐकलं का? "नाही. पंखे सुरू होते." मी खोटं सफाईने बोलले. पण सुनेला धांदरट म्हणताना मी तिच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. तिच्यावर त्याने केलेलं मी झाकलं, ते तिने सोसलं. पण ती हाक विसरते, हे तिला सोसवलं नाही. ते तिचं काम होतं, आणि मीच शिकवलं होतं.

न्यायाधीशांनी तिला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

वकीलबाईंनी मान हलवून खुणावलं. सून उभी राहिली.

"मी हाक विसरत नाही, साहेब. कधीच विसरले नाही. त्या दिवशीही मारली. त्याने आतून ओ दिली. मला नीट ऐकू आली. तो आहे हे कळल्यावर मी कडी लावली."

कोर्टात एकदम कुजबुज झाली. वकीलबाई घाईने उठल्या, पण न्यायाधीशांनी हाताने त्यांना थांबवलं. "तुम्ही काय बोलताय हे तुम्हाला समजतंय ना?"

"समजतंय. त्याने मला माफ केलं म्हणाला. त्याने मला माफ करायचं नाही. माझ्या चुकीने झालेलं नाही ते, मी केलेलं आहे. मला तुरुंगात घाला. पण मी ते का केलं, हे आता तुम्हाला लिहून घ्यावं लागेल."

आणि मग तिने सांगितलं. त्या खोलीत काय झालं, मूठ कोणाच्या खिशात होती, चौकीत कोणी पाणी दिलं, कोण रोज टेबलापाशी येऊन काय म्हणायचं. एकदाही रडली नाही. वाकडी मांडलेली मासळी सरळ करावी तसं एकेक सांगत गेली. मी गोडबोल्याकडे बघत होते. त्याच्या तोंडावरची साखर विरघळत होती. त्याने वकिलाकडे बघितलं, वकिलाने खाली कागदाकडे. खोटं कशाला बोलू, माझं मन भरून आलं. बोटं गेली तेव्हा वाटलं नव्हतं एवढं समाधान मला ते तोंड बघून वाटलं.

"मग तुम्ही दार उघडायला एवढा वेळ का लावला?" न्यायाधीशांनी विचारलं. "त्याला मारायचं होतं?"

सून थबकली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच. मी समजले. खरं सांगितलं तर माझं नाव येणार, आणि नाही सांगितलं तर मारायचं होतं असं होणार. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "हो, साहेब. असेल."

मी उठून उभी राहिले.

"खोटं बोलतेय," मी म्हटलं. शिपायाने खाली बसायला सांगितलं, मी बसले नाही. "साहेब, ती थोड्याच वेळात उघडायला उठली होती. मी तिचं मनगट धरून ठेवलं. दोनदा उठली, दोन्ही वेळा मी खाली बसवली. शेवटी माझ्या हाताला हिसका देऊन तिने उघडलं. नसतं उघडलं तर तो मेला असता. तिने त्याला वाचवलाय. ओ मीही ऐकली होती. मघाशी इथे उभं राहून मी जे बोलले ते सगळं खोटं होतं."

"तुम्ही का धरून ठेवलं?"

"मला तो मेलेला हवा होता."

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. मागे बसलेला माझा मुलगा ‘आई गं’ म्हणून ओरडला. आणि आरोपीच्या पिंजऱ्यातून माझी सून, जिने इतक्या वेळात आवाज चढवला नव्हता, माझ्यावर कडाडली, "तुम्हाला कोणी विचारलं होतं का? प्रत्येक गोष्टीत मध्ये तोंड घातलंच पाहिजे का तुम्ही?"

"विचारायची वाट बघत बसले असते तर घर चाललं असतं का?" मी म्हटलं.

न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला, तरी आम्ही आणखी एकेक वाक्य बोलून घेतलंच.

माझ्यावरही गुन्हा लागला. व्हायलाच हवं होतं. आमचा खटला पुन्हा पहिल्यापासून, दोघींचा मिळून चालला. सुनेच्या जबाबावरून गोडबोल्यावर वेगळा खटला उभा राहिला आणि त्यात आमच्याच कारखान्यातल्या आणखी दोघीजणी बोलायला आल्या. आमच्या बाकावर न बसणाऱ्या त्याच दोघी. एकीने मला कोर्टाच्या जिन्यात गाठून विचारलं, "मावशी, राग आहे का?" मी म्हटलं, "आहे. पण आधी तू आत जाऊन साक्ष दे." ती गेली.

मुलगा आता स्वयंपाक करतो. मिठाचा अंदाज त्याला अजून येत नाही.

निकालाच्या दिवशी आम्हाला शेजारी शेजारी उभं केलं. सुनेला थोडी शिक्षा झाली. दार उघडलं आणि खरं बोलली, म्हणून थोडी. माझी जास्त. न्यायाधीश वयाने माझ्याएवढे असतील. शिक्षा वाचून झाल्यावर त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि मला म्हणाले, "बाई, तुमच्या सुनेवर जे झालं ते भयंकर होतं. तुमचा राग मला समजतो. पण त्याने गुन्हा केला म्हणून तुमचा गुन्हा कमी होत नाही. त्याचं त्याच्यापाशी, तुमचं तुमच्यापाशी. एकातून दुसरं वजा करता येत नाही. हे तुम्हाला पटतं का?"

वकीलबाईंनी मागून हळूच सांगितलं, "फक्त हो म्हणा, मावशी."

"पटतं, साहेब," मी म्हटलं. "अगदी पटतं. मग त्याचा खटला तुमच्यासमोर येईल तेव्हा हेच लक्षात ठेवा. त्याची बोटं मी घेतली, ती माझ्यापाशी राहू द्या. ती गेली म्हणून त्याला एक दिवससुद्धा कमी देऊ नका."